चंद्राच्या वाटेवरची मारुती

मित्रांनो, चंद्र आपल्यापासून किती लांब आहे, सांगा पाहू? सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. मागच्या आठवड्यात हा आकडा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिला आणि त्याच्याखाली आणखी एक आकडा लिहिला, २,४६,०००. "हा कशाचा आकडा असेल?" वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, तुमच्या गाडीचा!"

अगदी बरोबर! आमचं घर शाळेला लागूनच आहे. कुंपणापलीकडे चिंचेखाली पांढरी मारुती ८०० उभी असते, ती आमची. २००४ सालची आहे, म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांच्या दुपटीहून मोठी. एवढ्या किलोमीटरांत तिने पृथ्वीला सहा फेऱ्या मारल्या असत्या आणि सातवी सुरू झाली असती. चंद्र मात्र तिच्यापासून अजून १,३८,४०० किलोमीटर लांब आहे. आमची गाडी आता वर्षाला ७,२८० किलोमीटर पळते. मुलांनी भागाकार केला. उत्तर आलं साधारण १९ वर्षं.

"बाई, तोवर चालेल का ती?" एकाने विचारलं. सगळे हसले. मी पण हसले. पण खरं सांगू का, हा प्रश्न माझ्यासाठी गमतीचा नाही.

त्याचं असं आहे. माझ्या आईच्या मूत्रपिंडांचं काम जवळजवळ थांबलंय. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी यंत्राने काढावं लागतं, त्याला डायलिसिस म्हणतात. जून २०२१ पासून आठवड्यातून दोनदा, बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी, मी तिला वाईजवळच्या आमच्या गावाहून साताऱ्याला घेऊन जाते. जायला ३५, यायला ३५ किलोमीटर. आठवड्याचे १४०. वर्षाचे ५२ आठवडे. आलं ना गणित बरोबर? ही पाळी चुकवून चालत नाही, आणि नवी गाडी घेणं आम्हांला आत्ता जमण्यासारखं नाही. म्हणून ही म्हातारी गाडी धडधाकट ठेवणं हा आमच्या घरातला एक विषयच आहे, तुमच्या परिसर अभ्यासासारखा.

या विषयात मी एकदा सपशेल नापास झालेय. ती गोष्ट आधी सांगते.

माझे बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि २००९ साली त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. तेव्हा ती ६८,००० किलोमीटर चालली होती. बाबांची एक सवय होती. गाडी काढायच्या आधी तिला एक प्रदक्षिणा. चाकं बघायची, खाली वाकून जमीन बघायची, बॉनेट उघडायचं, ऑईलची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून बघायची. मी लहान असताना एस.टी.भोवतीही ते असेच फिरायचे. मला वाटायचं, पाया पडतायत! गाडीत एक निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही असायची. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे लागले, एवढंच त्यात लिहिलेलं. अक्षर बारीक, पण स्वच्छ.

डिसेंबर २०१९ मध्ये बाबा गेले. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गाडी झाकून ठेवली होती. तुम्हांला वाटेल, झाकून ठेवलेली गाडी जशीच्या तशी राहात असेल. मुळीच नाही. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, ब्रेकना गंज धरतो आणि उंदरांना वायरी फार आवडतात. भारतातल्या पहिल्या मारुतीचंही असंच झालं होतं. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हरपाल सिंग यांच्या हातात तिची किल्ली दिली. त्यांनी ती गाडी २०१० साली आपलं निधन होईपर्यंत जपली. त्यानंतर मात्र ती घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे ती दुरुस्त करून पुन्हा पहिल्यासारखी केली आणि कंपनीने आपल्या मुख्यालयात ठेवली. आमच्या गाडीचं एवढं नशीब कुठलं! मीच तिला बॅटरी घातली, हवा भरली आणि आईला घेऊन निघाले. वही मात्र मी उघडलीसुद्धा नाही. गाडी सुरू होतेय ना, मग झालं!

थोड्याच महिन्यांत गाडीतलं पाणी कमी होऊ लागलं. कुठलं पाणी, ते सांगते. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याने प्रचंड उष्णता तयार होते. ती बाहेर काढायला इंजिनाच्या भिंतींतून पाणी फिरतं. तिथे ते तापतं, रबरी पाइपातून पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनात जातं. हे साधं पाणी नसतं बरं का. त्यात हिरवा किंवा गुलाबी द्रव मिसळलेला असतो, त्याला कूलंट म्हणतात. त्यामुळे आतला धातू गंजत नाही आणि पाणी लवकर उकळत नाही. मी काय करत होते? दर चार-सहा दिवसांनी बोअरचं पाणी बाटलीने ओतत होते. आमच्या बोअरच्या पाण्याने बंबात पांढरा थर बसतो, हे मला माहीत होतं. तोच थर इंजिनातही बसेल, हे डोक्यात आलं नाही.

एप्रिल २०२२. शनिवार. सकाळची शाळा सुटली, आईला घेऊन निघाले. ऊन म्हणजे नुसता भट्टीचा जाळ. पाचवडला हायवेला लागलो तेव्हा काट्याकडे लक्ष गेलं. तापमानाचा काटा नेहमी मधोमध असतो. तो वर सरकला होता. तेव्हाच गाडी बाजूला घेऊन बंद करायला हवी होती. पण मला वाटलं, आनेवाडीचा टोलनाका ओलांडू या, पुढे सावलीत थांबू. टोलनाका ओलांडला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट आला. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी. आईचे पाय सुजलेले, कारण बुधवारपासूनचं पाणी अंगात साठलेलं. दवाखान्यातली पाळी दीडची, आणि घड्याळात एक वाजायला आलेला. वीस-पंचवीस मिनिटं हात केल्यावर दुधाचा एक रिकामा टेम्पो थांबला. त्या भाऊंनी आईला पुढे बसवलं, मला मागे कॅनांमध्ये. दवाखान्याच्या दारात सोडलं आणि पैसे काही घेतले नाहीत. आईला यंत्र मिळालं, पण दोन तास उशिरा. ते दोन तास ती बाकावर डोळे मिटून बसली होती. मला काहीच बोलली नाही.

बोलली ती रात्री. "अगं पोरी, गाडीला रोज पाणी पाजत हुतीस, पण ती पाणी कुठं सांडतीय, ह्ये एकदा तरी वाकून बघितलंस का?"

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून वाईला मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात नेली. त्यांनी खालचा रबरी पाइप काढून माझ्या हातात दिला. "दाबा ताई." चांगला पाइप घट्ट लागतो, थोडा दबतो आणि परत फुगतो. हा पिकलेल्या चिकूसारखा मऊ होता आणि एका बाजूने उभा चिरला होता. आधी तिथून थेंब थेंब गळत असणार. मग एकदम फुटला. पाइपाची किंमत दोन-अडीचशे रुपये. पण मी काटा वर गेल्यावरही गाडी पळवली ना, त्याने इंजिनाचं वरचं ॲल्युमिनियमचं हेड उष्णतेने किंचित वाकलं आणि त्याखालची गॅस्केट जळाली. हेड काढा, ते घासून सपाट करून आणा, नवी गॅस्केट घाला. एकूण अकरा हजारांच्या वर गेले आणि नऊ दिवस गाडी गॅरेजात. तेवढे दिवस आम्ही एस.टी.ने गेलो. डायलिसिस झाल्यावर माणूस किती थकतो, हे मला त्या परतीच्या प्रवासात कळलं. एकदा तर पाचवडपर्यंत बसायला जागाच मिळाली नाही.

गाडीतलं सामान काढताना सीटखाली निळी वही सापडली. घरी आल्यावर शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. नोव्हेंबर २०१९. बाबांनी लिहिलं होतं, "खालचा पाइप मऊ पडलाय. उन्हाळ्याआधी बदलणे."

त्यानंतरचा हा तिसरा उन्हाळा होता.

तर मित्रांनो, तेव्हापासून दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी गाडीला प्रदक्षिणा घालते. गाडी दोन दिवस उभी असते, त्यामुळे इंजिन अगदी थंड असतं. पाच-सहा मुलं कुंपणाशी येऊन उभी राहतात, आणि वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तुम्हीही घरच्या मोठ्या माणसाला असं लिहून द्यायला लागा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बॉनेटखाली हात घालायचा नाही. रेडिएटरचा पंखा विजेवर फिरतो, तो कधी कधी गाडी बंद असतानाही अचानक सुरू होतो. आणि गरम रेडिएटरची टोपी तर मोठ्यांनीसुद्धा उघडायची नाही. कुकरमधली वाफ जायच्या आधी झाकणाला हात लावला तर आई का ओरडते? दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर तापलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम कमी होतो आणि ते उसळून अंगावर येतं. रेडिएटरही तसाच.

पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आणि मुलांची आवडती. रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवायचा. सकाळी तो बाहेर काढून डाग वाचायचे. काळा-तपकिरी चिकट डाग इंजिन ऑईलचा. हिरवा किंवा गुलाबी असला तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर तेलकट डाग दिसला तर तो ब्रेक ऑईलचा असू शकतो आणि मग गाडी हलवायचीच नाही, मिस्त्रींना बोलवायचं. कोरडा पुठ्ठा म्हणजे पैकीच्या पैकी गुण. एसी असलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी सांडतं, त्याला घाबरू नका. आमच्या गाडीला एसी नाही, त्यामुळे आम्हांला ती शंकाच नाही! कूलंटचा डाग असेल तर लगेच धुवून टाका. ते विषारी असतं, पण चवीला गोड लागतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात.

मग ऑईल. इंजिनात धातूवर धातू मिनिटाला हजारो वेळा घासत असतो. ऑईलचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, थोडी उष्णताही काढून घेतो आणि कचरा आपल्याबरोबर वाहून नेतो. आमच्या इंजिनात ते जेमतेम तीन लिटर असतं. सपाट जागेवर, इंजिन बंद असताना पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. जुनं इंजिन थोडं ऑईल पितंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण पातळी बघत राहावं लागतं. ऑईल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मिस्त्रीकाकांनी आमच्या गाडीला दर ५,००० किलोमीटरला ऑईल आणि त्याचा फिल्टर बदलायला सांगितलंय. आमच्या हिशेबाने साधारण आठ महिन्यांनी.

धूरही वाचता येतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवेचा फिल्टर चोंदलाय. थंडीच्या सकाळी सुरुवातीला पांढरी वाफ येते ती साधी, पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट जळतंय. आमच्या वर्गातल्या एकीने विचारलं, "बाई, म्हणजे डॉक्टर जीभ बघतात तसं?" हो, अगदी तसंच.

टायर तर तुम्हीसुद्धा बघू शकता. बाजूला एका लांब आकड्याच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षीच्या खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि टायर बदलायचा. नाहीतर पावसात चाकाखालचं पाणी बाहेर जायला वाटच मिळत नाही. आणि स्टेपनीत हवा आहे का, हे बघायला सगळेच विसरतात. मीही विसरायचे.

काही गोष्टी मात्र बाहेरून दिसतच नाहीत, आणि तिथे वहीशिवाय गती नाही. इंजिनाच्या आत टायमिंग बेल्ट नावाचा एक दातेरी पट्टा असतो. तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद, आणि काही इंजिनांत तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळून सगळंच मोडतं. तो तुटायच्या आधी किरकिरत नाही, गळत नाही, काही सांगत नाही. ठरलेले किलोमीटर झाले की बदलायचा, बस्स. त्या वेळी हेड काढलेलंच होतं, तर मिस्त्रीकाकांनी बाबांच्या वहीतला आकडा बघून पट्टाही बदलून टाकला. ब्रेक ऑईलचं तसंच. ते हवेतली ओल शोषतं, ओलीमुळे कमी तापमानाला उकळू लागतं आणि उतारावर ऐन वेळी ब्रेक मऊ पडतो. दर दोन वर्षांनी ते बदलायचं, हेही आता वहीत आहे.

तुम्हांला वाटेल, एवढं सगळं करून गाडी जास्तीत जास्त किती चालेल? तर ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शिक्षक राहायचे. होय, शिक्षकच, विज्ञानाचे! शाळेत जाण्यायेण्यात त्यांचे रोज २०० किलोमीटर व्हायचे. १९६६ साली त्यांनी व्होल्वो कंपनीची पी १८०० ही लाल गाडी घेतली. १९८७ साली ती दहा लाख मैल चालून गेली, २००२ साली वीस लाख, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिने तीस लाख मैल पूर्ण केले. म्हणजे ४८ लाख किलोमीटरांहून जास्त. चंद्रावर सहा वेळा जाऊन सहा वेळा परत! एकाच मालकाने एवढी चालवलेली गाडी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. गॉर्डन २०१८ साली वारले. लोक त्यांना गुपित विचारायचे. गुपित काय, तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते वेळेवर करायचं. ऑईलही ते आपल्या मिस्त्रीकाकांसारखंच पाचेक हजार किलोमीटरला बदलायचे. हे वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल? आमच्या गाडीची पुस्तिका शोधली. ती डिकीत स्टेपनीखाली होती, ओल लागून पानं चिकटलेली. मुलांनी वर्गात पट्टी सरकवून एकेक पान सोडवलं.

आता एक खरं बोलते. जुनी गाडी म्हणजे सोनं, असं काही मी म्हणणार नाही. आमच्या मारुतीत एअरबॅग नाहीत. आजच्या गाड्यांत घसरताना चाकं अडकू न देणारे ब्रेक असतात, तेही हिच्यात नाहीत. मी साठच्या पुढे जात नाही आणि रात्रीचा पाऊस असेल तर थांबते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आर.टी.ओ.त तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पहिली तपासणी बाबांनी २०१९ साली करून घेतली होती. २०२४ साली मी नेली. दिवे, ब्रेक, हॉर्न, गंज, धूर, सगळं बघितलं. परीक्षेला बसताना जसं पोटात होतं, तसंच झालं होतं मला. पास झाली! आता २०२९ पर्यंत चिंता नाही. पत्रा फारच गंजला किंवा ब्रेकचं मन भरेना, तर त्याआधीही मी तिला निरोप देईन. मिस्त्रीकाकांना तसं सांगूनही ठेवलंय.

निळी वही भरत आली. गेल्या शुक्रवारचं पान एका मुलीने लिहिलंय. "ऑईल ठीक. कूलंट खुणेवर. पुठ्ठा कोरडा. मागचं डावं चाक, हवा कमी." पंक्चरवाल्याने चाक पाण्यात धरलं तर बारीक खिळा निघाला. तो खिळा तिने चिकटपट्टीने त्याच पानावर लावून टाकलाय.

आणि शनिवारी निघालो की आई पुढच्या सीटवर बसते. तिला गाडी चालवता येत नाही, पण पाचवड आलं की ती चष्मा पुसते, डोकं थोडं माझ्या बाजूला कलवते आणि सांगते, "काटा मधीच हाय गं. चल."